३८ हर्ट्झची खडखड: झाकण डोक्यात पडलं आणि चोर सापडला

शनिवारी सकाळी डिकीचं झाकण माझ्या डोक्यात पडलं, आणि गाडीत बेस वाजला की होणारी, दोन महिने छळणारी खडखड त्या निमित्ताने सापडली. टेंगूळ अजून हाताला लागतंय, पण मूड उत्तम आहे.

सेटअप तोच. डिकीत १२ इंची सब (फक्त बेस वाजवणारा सबवूफर), हवाबंद सील्ड बॉक्स, त्याला सलग ३०० वॉट (आरएमएस) देणारा मोनोब्लॉक म्हणजे एका चॅनेलचा ॲम्प, आणि ८० हर्ट्झच्या वरचे सूर गाळणारा फिल्टर (एलपीएफ). गाडीही तीच, आमची म्हातारी सेडान. मागच्या वेळी बॉक्स पट्ट्यांनी आवळून टाकला, स्टेपनीखालचा जॅक चिंध्यांत गुंडाळला आणि 'आता फक्त शीट (पत्र्याची थरथर जिरवणारी चिकट डॅम्पिंग शीट) मारायची बाकी' असं इथेच मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते वाक्य परत घेतो.

आधी छोटा विजय सांगतो, कारण तो एकमेव स्वच्छ विजय आहे. ४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४ कंपनांच्या, सुराला येणारी तडतड नंबरप्लेटची निघाली. आपली गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून ती नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवून घ्यावी लागली. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, दोनच ठिकाणी पकडलेला, आणि लॉक असा की तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे काढून मागे शीट लावायची सोय नाही. मग दाराला लावतात ती गोंदवाली फोमची पट्टी घेतली, कागद काढला, गोंदावर साबणाचं पाणी फिरवलं आणि पट्टी आइस्क्रीमच्या काडीने प्लेटच्या मागे सरकवली. पाणी वाळल्यावर पट्टी चिकटली. वीस मिनिटं, तीस रुपये, तडतड बंद. दोन दिवस मी सोसायटीत येता-जाता प्लेटवर टिचकी मारून बघत होतो. वॉचमन काकांनी शेवटी विचारलं, "साहेब, नंबर बदलला का?"

आता ३८ हर्ट्झ.

फोनवर टोन जनरेटर लावून सूर २० ते ८० हर्ट्झ हळूहळू चढवायचा (यालाच स्वीप म्हणतात), जिथे आवाज येईल तिथे थांबायचं आणि हाताने एकेक भाग दाबत जायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. वही केली होती. त्यात आवाजांची नावं लिहिताना लक्षात आलं की निम्मं निदान आपल्या भाषेतच आहे. झणझण म्हणजे पत्रा स्वतः थरथरतोय. तडतड म्हणजे हलकी वस्तू पत्र्यावर आपटतेय. किरकिर म्हणजे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतंय. आणि खडखड म्हणजे दोन जड, कडक वस्तू एकमेकींवर आदळताहेत. डॅम्पिंग शीट यातल्या फक्त झणझणीवर चालते. ब्युटाइल या चिकट रबराचा थर पत्र्याची थरथर उष्णतेत जिरवतो, वरची फॉइल त्या थराला ताणून धरते. दोन वस्तू आपटत असतील तर त्यांच्या मध्ये काहीतरी मऊ घालावं लागतं, शीटने काहीच होत नाही.

हे मी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. ३८ समोर 'खडखड' असंही लिहिलं होतं. आणि तरीही साडेचार हजारांची शीट आणली.

कारण भाचा. मागची सीट पाडून त्याला टॉर्च आणि इअरप्लग देऊन डिकीत आडवं केलं. डोकं सीटच्या बाजूला, पाय झाकणाच्या बाजूला. ३८ लावलं. आतून ओरडला, "मामा, डोक्यावर वाजतंय, बरोब्बर डोक्यावर!" मी गाडीच्या मागे उभा. माझ्या लेखी डिकीत 'वर' म्हणजे झाकण. शिवाय झाकण उघडलं की खडखड गायब व्हायची, बंद केलं की परत. याहून भक्कम पुरावा काय हवा?

मग झाकणाच्या मागे लागलो. झाकण ज्यांवर टेकतं ते रबरी बंप स्टॉप अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढून झाकण घट्ट केलं. लॅचच्या कडीला फेल्ट गुंडाळलं. काहीच फरक नाही. मग शीट. पत्रा आयपीएने (एक प्रकारच्या अल्कोहोलने) पुसला, पाणी जायची भोकं मोकळी ठेवली, लाकडी रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबलं. (हातमोजे घाला. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, माझ्या अंगठ्याला विचारा.) पहिल्या थरानंतर थाप मारली तर आधीचा 'टण्' जाऊन 'ठप्' आला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्यावर आवाज कसा खाली उतरतो, तसंच काहीसं. ५५ च्या आसपासची झणझण तिथेच मेली. या सुखासाठीच आपण हे धंदे करतो.

३८ ची खडखड मात्र जशीच्या तशी. यावर शहाण्या माणसाने वही उघडली असती. मी दुसरा थर मारला.

इथे दुकानदारांबद्दल थोडं. शीटचा पहिला गठ्ठा ज्यांच्याकडून घेतला त्यांनी 'शंभर टक्के ब्युटाइल' सांगून डांबरी माल दिला. एक कोपरा ओढून बघा. ब्युटाइल च्युइंगमसारखं लांबतं, डांबरी शीट तुटते, आणि उन्हात गाडी उघडली की नव्या रस्त्याचा वास येतो. तो गठ्ठा गॅलरीत पडलाय, फुकट हवा असेल तर घेऊन जा. दुसरा गठ्ठा दोन मिलिमीटरचा होता, खरा होता, आणि मी तो कुठे वाया घालवला ते आत्ताच सांगितलं.

तर शनिवार. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या पुढे जाते. दोन थर मिळून झाकणावर अडीच किलो चढले होते. आमच्या गाडीला झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे (स्ट्रट) नाहीत, टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ दिलेल्या दोन लांब सळ्या झाकण उचलून धरतात. त्या सळ्यांना कंपनीने दिलेलं वजन माहीत, माझं अडीच किलो माहीत नाही. मी वाकून ॲम्पचा गेन (जोर ठरवणारा नॉब) बघत होतो. झाकण क्षणभर विचारात पडलं आणि मग माझ्यावर.

डोकं धरून तिथेच डिकीत बसलो आणि पहिल्यांदाच वर पार्सल ट्रेच्या, म्हणजे मागच्या सीटमागच्या फळीच्या, खाली बघितलं. दोन्ही सळ्या तिथून जातात, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, मध्ये एकमेकींना ओलांडत. जिथे ओलांडतात तिथे त्यांना धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप असते. आमची क्लिप अर्धी होती. उरलेलं अर्धं बहुधा कुठल्यातरी खड्ड्याला अर्पण झालं असावं. टॉर्च मारला तर दोन्ही सळ्यांवर समोरासमोर रंग उडून चकचकीत झालेला तांदळाएवढा ठिपका. इतकी वर्षं एकाच जागी आपटताहेत.

आणि झाकणाचं कोडंही सुटलं. झाकण बंद झालं की सळ्यांना पूर्ण पीळ बसतो, त्या थोड्या वाकतात आणि बरोबर टेकतात. उघडलं की अंतर पडतं. भाचा खरं सांगत होता. त्याच्या डोक्यावर पार्सल ट्रे होता, झाकण तर पायाकडे.

घरी सायकलची जुनी ट्यूब होती. चार इंचाचा तुकडा उभा चिरून एका सळीवर गुंडाळला, दोन झिप टाय. स्वीप लावला. ३६, ३७, ३८, ३९. फक्त बेस. परत लावला. मग बायकोला खाली बोलावलं. "गाडीत बेस आहे की भांड्यांचं रॅक?" हे तिचंच वाक्य. पूर्ण गाणं ऐकून ती म्हणाली, "हां, आता आवाज मोठा केला तरी चालेल." ही परवानगी मी तारखेसकट वहीत लिहिली आहे.

झाकणाचं काय करायचं? सळीचं टोक पुढच्या खाचेत सरकवलं की जोर वाढतो, असं कळल्यावर कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे गेलो. (हे घरी पान्याने करू नका. पीळ भरलेली सळी सुटली तर हाताचं हाड मोडेल.) त्यांनी झाकण खालून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, एवढं डांबर कशाला फासलंत?" डांबर नाही हो, ब्युटाइल, असं समजावत असतानाच जाणवलं की त्यांचा प्रश्न बरोबर आहे. दुसऱ्या थराने काय केलं? काहीही नाही. पत्र्याच्या मधल्या पाव ते एक तृतीयांश भागावर नीट दाबलेला एक थर बहुतेक काम करतो. तेव्हा खाच तशीच राहू दे. हेअर ड्रायरने गरम करून दुसरा थर सोलून काढणार आहे. तुकड्या-तुकड्यांत निघेल, शिव्या देत निघेल, पण निघेल.

सोललेला माल पुन्हा चिकटणार नाही, पण उरलेली दीड शीट कोरी आहे. ती डिकीच्या तळाला मारायची असं ठरलं होतं. आता हे लिहिताना वाटतंय, तळाला कशाला? तिथे स्टेपनीचं वजन आहेच. पार्सल ट्रेचा पत्रा मोठा, पातळ आणि डिकी-केबिनच्या बरोब्बर मध्ये. ४० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेआठ मीटरची, अख्ख्या गाडीहून लांब, त्यामुळे सब डिकीतली हवा भात्यासारखी आत-बाहेर करतो आणि तो ट्रे दोन्हीकडून ढकलला जातो. शीट तिथेच. वरच्या प्लास्टिकखाली फेल्ट. त्यासाठी पुण्यातल्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, जावं लागेल, आणि गेलोच तर सळ्यांसाठी खरी क्लिपही बघतो, ट्यूब उन्हाळा काढेल असं वाटत नाही.

ट्रे उघडायचं आणखी एक कारण आहे. खडखड गेल्यावर तिच्या मागे लपलेली एक नवी किरकिर ऐकू यायला लागली आहे, ६१ वर. तिसऱ्या ब्रेकलाइटच्या कव्हरवर बोट ठेवलं की थांबते. निदान काल तरी थांबत होती. रविवारी भाचा येतोय, या वेळी मी डिकीत झोपणार आणि तो बाहेर उभा राहणार.