बाजू अ, बाजू ब

पुण्याच्या तपकीर गल्लीपासून दोन मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझे डेटा रिकव्हरीचे छोटे दुकान आहे. खाली गल्लीत वायरी, स्पीकर आणि दिव्यांच्या माळा विकल्या जातात. वर माझ्याकडे येणारा माणूस बहुधा काहीतरी गमावून आलेला असतो. कोणाचे लग्नाचे फोटो, कोणाचा टॅलीचा डेटा, तर कोणाच्या प्रबंधाची एकुलती एक प्रत. ‘बॅकअप होता का?’ हा प्रश्न मी आता विचारत नाही, कारण बॅकअप असता तर माझा जिना चढून कोणी आले नसते.

शनिवारी, ७ मे २०२२ रोजी, एक निवृत्त गृहस्थ रुमालात गुंडाळलेला आयपॉड घेऊन आले. तो २००७ सालचा ८० जीबीचा आयपॉड क्लासिक होता, म्हणजे गाणी ऐकण्याचे ॲपलचे खिशात मावणारे यंत्र. आरामखुर्चीतून उठताना तो मांडीवरून फरशीवर पडला होता आणि तेव्हापासून सुरू केल्यावर आतून फक्त ‘टिक्, टिक्’ असा आवाज येत होता. काकांनी १९८० च्या दशकात टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम टेप केले होते. अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या भाच्याने त्या कॅसेट संगणकावर उतरवून या आयपॉडमध्ये भरल्या. पुढे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना कॅसेटची दोन खोकी भंगारवाल्याला गेली, आणि भाच्याचा लॅपटॉपही त्याच्या परीने केव्हाच निवृत्त झाला. थोडक्यात, जे काही होते ते त्या रुमालात होते.

हे यंत्र उघडणे हा एक स्वतंत्र छळ आहे. आधीच्या मॉडेलचे झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद सुटत असे, पण क्लासिकचे पुढचे ॲल्युमिनियम आणि मागचे चकचकीत पोलाद बारीक धातूच्या खाचांनी एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असते की एक तरी कड वाकल्याशिवाय ते सहसा उघडत नाही. आत १.८ इंचांची हार्ड डिस्क रबराच्या कोपऱ्यांत बसवलेली असते. २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्येही अशीच १.८ इंची डिस्क होती, फक्त ५ जीबीची, आणि किंमत होती ३९९ डॉलर. त्या काळी मी महाविद्यालयात होते आणि खाली गल्लीत एका सीडीवर दीडशे गाणी मिळत, त्यामुळे ३९९ डॉलरचे ते यंत्र मासिकातल्या चित्रातच पाहिले होते. मात्र त्याच्या रचनेचे मला आजही कौतुक वाटते. गाणे वाजत असताना डिस्क सतत फिरत नसते. पुढची काही गाणी ती एका दमात मेमरीत ओतते आणि झोपी जाते. फिरणारी तबकडी खिशात घालून माणसे जॉगिंग करू शकली ती त्यामुळेच, आणि काकांची डिस्कही पंधरा वर्षे टिकली.

डिस्क बाहेर काढून मी ती अडॅप्टरवर चढवली आणि लिनक्सवर इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढायला लावली. या कामात घाई चालत नाही. आधी जेवढे सहज वाचता येते तेवढे वाचून घ्यायचे, अडलेली जागा सोडून पुढे जायचे, आणि शेवटी उरलेल्या खराब सेक्टरांकडे, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या छोट्या कप्प्यांकडे, थोडे थोडे करून परतायचे. रविवार आणि सोमवार त्यातच गेले. मंगळवारी, १० मे रोजी सकाळी दुकान उघडले तेव्हा अगदी थोडा भाग वगळता सगळी डिस्क उतरली होती. मात्र त्या थोड्या भागातच नेमका डेटाबेस होता.

याचा अर्थ समजावून सांगावा लागेल. आयपॉडमध्ये गाणी आपण दिलेल्या नावांनी साठवलेली नसतात. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये एफ-शून्य-शून्य, एफ-शून्य-एक अशा नावांचे कप्पे असतात, आणि त्यांत प्रत्येक गाणे चार अक्षरांच्या निरर्थक नावाने पडलेले असते. कोणते गाणे कोणत्या नावाने कुठे आहे, याची वही म्हणजे तो डेटाबेस. विकत घेतलेल्या किंवा सीडीवरून घेतलेल्या गाण्याच्या फाइलमध्येच त्याचे नाव बहुधा कोरलेले असते, त्यामुळे वही फाटली तरी ते ओळखू येते. भाच्याने मात्र कॅसेटवरून केलेल्या फाइलींना फक्त बाहेरून नावे दिली होती. ती नावे आयपॉडमध्ये गाणी भरणाऱ्या आयट्यून्स या प्रोग्रॅमने वहीत लिहून घेतली आणि फाइल चार अक्षरांची करून टाकली. त्यामुळे माझ्यासमोर चित्रपटगीतांच्या दोनेक हजार फाइली नावांसकट होत्या, आणि काकांच्या ३४१ फाइली अनामिक.

काका अकराच्या सुमारास आले ते एक लांबट, पिवळी पडलेली वही घेऊनच. त्यात प्रत्येक कॅसेटची नोंद होती: कलाकार, राग, ताल, आणि ‘६०’ किंवा ‘९०’. तारखा मात्र क्वचितच.

‘‘मॅडम, नावं गेली म्हणजे गाणं गेलं नाही ना?’’

‘‘गाणं आहे, काका. फक्त कोणतं कुठलं ते तुम्हाला ऐकून सांगावं लागेल.’’

‘‘मग ते तर मी इतकी वर्षं करतोच आहे,’’ असे म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हेडफोन मागितला.

पहिला तासभर काम मजेत चालले. मी फाइल लावायची, काकांनी आठ-दहा सेकंदांत हात वर करायचा आणि मी टंकायचे. गायक ते पहिल्या षड्जावर ओळखत होते. वाद्यसंगीतात थोडा वेळ लागे. संतूरच्या फाइली ओळखणे मात्र मलाही जमत होते, आणि तेही राग कळत असल्यामुळे नव्हे. एमपीथ्री, म्हणजे कमी जागेत बसवलेली गाण्याची फाइल, तयार करताना आवाज अगदी बारीक तुकड्यांत कापतात आणि कानाला जे जाणवणार नाही असे गणित सांगते, ते प्रत्येक तुकड्यातून गाळून टाकतात. गाळण्यातून निर्माण होणारी खरखर त्या पूर्ण तुकड्यावर पसरते. तंबोऱ्याच्या किंवा सारंगीच्या अखंड आवाजाखाली ती लपते. पण तुकड्याच्या मध्यावर तारेवर आघात झाला तर ती आघाताच्या आधीच्या शांततेतही शिरते. भाच्याने जागा वाचवण्यासाठी दर्जा कमी, १२८ केबीपीएस ठेवला होता, त्यामुळे संतूरच्या प्रत्येक टोल्याच्या किंचित आधी वाळू सरकल्यासारखा आवाज येत होता. इतर माणूस त्याकडे दुर्लक्ष करील; मला एकदा तो कळला की दुसरे काही ऐकूच येत नाही. अशा १९ फाइली मी नंतर पाहू म्हणून बाजूला ठेवल्या होत्या.

बाराच्या पुढेमागे माझा सहायक चहा घेऊन वर आला आणि फोन पुढे करून म्हणाला, ‘‘ताई, ते संतूरवाले गेले.’’

पंडित शिवकुमार शर्मा त्या सकाळी मुंबईत निवर्तले होते. वय ८४. काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यात कोणाची तरी विलंबित बंदिश बारीक आवाजात चालूच राहिली. सहायक बावीस वर्षांचा. शिव-हरि या जोडीतले ‘शिव’ म्हणजे हेच, आणि ‘सिलसिला’, ‘चांदनी’, ‘डर’ यांचे संगीत त्यांनी आणि बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया यांनी मिळून दिले, हे त्याला तेव्हा कळले. त्यातली कित्येक गाणी त्याच आयपॉडमधल्या नावांसकट असलेल्या फाइलींत होती. काकांनी त्याला आणखी एक सांगितले: ‘गाइड’मधल्या ‘मोसे छल किये जाए’ या गाण्यात जो तबला वाजतो तोही यांचाच. सहायकाने तिथल्या तिथे फोनवर ते गाणे लावले. आम्ही तिघांनी ते उभ्यानेच ऐकले आणि चहा गार झाला.

काका म्हणाले, ‘‘आता आधी ते एकोणीस बघू.’’

त्यानंतरच्या चार तासांएवढे रंगलेले काम माझ्या दुकानात क्वचितच झाले असेल. अडचण अशी होती की वाद्य कळले तरी जोड्या लागत नव्हत्या. वहीतील नोंदींत बहुतेक कॅसेट ‘९०’च्या होत्या, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होऊन दीड तास चालायचा, तेव्हा त्यासाठी नव्वदची कॅसेट जणू मापानेच शिवलेली होती. फक्त सव्वादहाच्या सुमारास ती उलटावी लागे. भाच्याने प्रत्येक बाजूची वेगळी फाइल केली होती. म्हणून मी आधी सगळ्यांची लांबी लिहून काढली. सुमारे ४६ मिनिटांच्या फाइली म्हणजे नव्वदच्या कॅसेटची एक बाजू, कारण कारखाने टेप थोडी जास्तच भरत. ३१ मिनिटांची असेल तर साठची. मग ज्या फाइलीचा शेवट वादन ऐन रंगात असताना तुटतो ती बाजू अ, आणि जिची सुरुवात मधूनच होते ती बाजू ब. काकांनी राग आणि ताल सांगायचे, मी तंबोऱ्याचा स्वर मोजायचा, कारण एकाच टू-इन-वनवर एकाच रात्री उतरलेल्या दोन बाजूंचा स्वर जुळतो. त्यांचे यंत्र टेप करताना किंचित हळू चालत असावे. सगळेच स्वर थोडे चढे होते, पण प्रत्येक रात्री सारखेच चढे नव्हते, आणि हा दोषच आमच्या उपयोगी पडला.

या रीतीने चार वाजेपर्यंत आठ जोड्या लागल्या. दोन फाइली साठच्या कॅसेटच्या निघाल्या, त्याही एकमेकींच्या जोडीच्या. त्यातल्या एकीच्या शेवटी निवेदिकेचा आवाज होता, त्यामुळे वादकाचे नाव निर्विवाद ठरले. उरली एक फाइल: ४६ मिनिटे, राग किरवाणी, आलाप आणि जोड हे तबल्याआधीचे भाग पूर्ण, मग रूपक तालातली गत, म्हणजे तबल्याबरोबरची रचना, चढत गेलेली, आणि तिथेच शेवट. तिची बाजू ब कुठेच नव्हती. खराब सेक्टरांत असणार, असा माझा कयास होता.

काकांनी ती पुन्हा लावायला सांगितली. संतूरच्या तारेवर आघात केल्यावर आवाज लगेच विरतो, मींड घेता येत नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येत नाही, म्हणून हे वाद्य रागसंगीताला चालायचे नाही असे पूर्वीचे जाणकार म्हणत. पंडितजींनी तारांवरून कलमे, म्हणजे वाजवायच्या लाकडी काड्या, हलकेच सरकवून सलग स्वराचा भास निर्माण केला, हे मी अनेकदा वाचले होते. त्या आलापात, गाळलेल्या आवाजातही, ते ऐकू येत होते. आणि गंमत म्हणजे तिथे माझी ती वाळू नव्हती. घासलेल्या स्वराला ठोका नसतो, त्यामुळे गणिताची चूक उघडी पडत नव्हती.

मी दुसऱ्यांदा डिस्क जोडली, फक्त तेवढ्या अडलेल्या जागांसाठी. पावणेसहाला एक तुकडा वाचता आला: बाजू ब, पण पहिली नऊ मिनिटेच. पुढचे कधीच आले नाही. मी तसे सांगितले तेव्हा काका म्हणाले, ‘‘पुढे ‘झाला’ होता, तो शेवटचा जलद भाग, आणि मग निवेदन. तेवढं मला आठवतं.’’ दोन्ही बाजू जोडून एकच फाइल करू का, मधला तुटलेला भाग साफ करू का, असे मी विचारले. मागे काही ग्राहकांनी तसे करून घेतले होते. ते नको म्हणाले. ‘‘उलटताना तेवढं निसटायचंच. ते असू द्या.’’ आयपॉडही तोच हवा होता. ‘‘फोनवर ऐकतो हो मी, पण त्यात मध्येच कोणाचा तरी फोन येतो.’’

सातला ते गेले. मी डिस्कच्या जागी मेमरी कार्डाचा छोटा बोर्ड बसवला, त्यात ६४ जीबीचे कार्ड घातले, नवी बॅटरी लावली आणि गाणी भरायला ठेवली. रात्री दहाच्या सुमारास सहायकाचा घरून मेसेज आला, एक बातमी पाठवून: ॲपलने आयपॉड बंद केल्याचे जाहीर केले होते. शेवटचा उरलेला आयपॉड टच साठा संपेपर्यंतच मिळणार होता. निवेदनाच्या शीर्षकात, संगीत जगत राहील, अशा अर्थाचे काहीतरी होते. मला खरे तर तेवढा धक्का बसला नाही. ज्याच्यासाठी माझ्याकडे लोक येतात तो क्लासिक २०१४ च्या सप्टेंबरमध्येच, नव्या आयफोनच्या समारंभाच्या दिवशी, ॲपलच्या दुकानाच्या यादीतून गुपचूप गळाला होता. सुटे भाग मिळेनासे झाले, असे कारण कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितले होते, आणि ते वाचून मी हसले होते, कारण माझ्या खणात तेव्हा मेलेल्या आयपॉडमधून काढलेले भाग डब्याडब्यांत भरलेले होते. तरी सहायकाच्या मेसेजला काय उत्तर द्यावे ते सुचेना. ‘उद्या लवकर ये’ एवढेच लिहिले.

गाणी भरून झाली होती. वाकलेली कड नखाने जमेल तितकी सरळ करून मी झाकण दाबून बसवले. दुरुस्त केलेले यंत्र परत देण्याआधी एक फाइल मी नेहमी ऐकते. पडद्यावर वेळ पुढे सरकतो आहे की नाही तेवढे पाहायचे असते, दहा मिनिटे पुरतात. त्या रात्री किरवाणी लावली आणि खालची गल्ली बंद होत असताना खिडकीशी बसून राहिले. पंचेचाळीसाव्या मिनिटानंतर आकडे पाहायला लागले. गत चढत होती, तबला तिच्या मागे धावत होता, आणि मग ‘खट्’ असा बटण दाबल्याचा आवाज आला. त्याच्या बरोबर आधी, अगदी बारीक, कोणीतरी खुर्ची सरकवल्याचाही.