चिखलातली मोजदाद

टूर मॅनेजरला माणसं नुसती चेहऱ्याने ओळखून भागत नाही, पाठीवरून ओळखता यावी लागतात. विमानतळावर, बाजारात, तिकिटाच्या रांगेत आपली माणसं बहुतेक वेळा पाठमोरीच असतात. त्यामुळे पहिल्या दिवशी कोचमध्ये चढता-उतरताना मी तेवढंच पाठ करत असते: कुणाची टोपी कसली, कुणाची वेणी किती लांब, कोण कुठल्या पायावर जोर देऊन चालतं. एकदा ते डोक्यात बसलं की हेड काउंट आपोआप होतो. ही सगळी विद्या निकामी होते अशी एकच जागा मला माहीत आहे, ती म्हणजे मृत समुद्राचा किनारा. तिथे अंगाला चिखल फासला की सासू-सून, जावई-मेहुणा सगळे सारखेच काळे. डोळे आणि दात तेवढे दिसतात.

या ग्रुपमध्ये चौदा जण होते, सगळे एकाच घरातले, सांगलीकडचे. आप्पा-माईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी जॉर्डनची टूर काढली होती. दोन मुलगे, दोन सुना, लेक-जावई आणि नातवंडं. आप्पा पंचाहत्तरीच्या आतबाहेर, पण काठी नाही, चष्मा फक्त पेपर वाचायला. माई मात्र गुडघ्यांनी बेजार. मृत समुद्राचा दिवस खरं तर त्यांच्या गुडघ्यांसाठीच ठेवला होता. धाकट्या सुनेने कुठेतरी वाचलं होतं की तिथल्या मातीने सांधे मोकळे होतात. मी अशा बाबतीत कशालाच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सोरायसिसचे रुग्ण तिथे आठवडेच्या आठवडे येऊन राहतात आणि त्यांना गुण येतो, हे खरं आहे. पण त्यात पाण्याचा वाटा आहे तसा उन्हाचाही आहे. जागा इतकी खोल की वरच्या हवेच्या जाड थरातून ऊन गाळून येतं. एका दुपारच्या लेपाने गुडघे धावायला लागले असं काही माझ्या पाहण्यात नाही.

सकाळी अम्मानहून निघून आधी मादबा केलं. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेकचा नकाशा आहे. त्यात जॉर्डन नदी मृत समुद्राला मिळते तिथे रंगीत खड्यांचे मासे काढलेत, आणि एक मासा चक्क उलटा फिरून वर निघालाय. आमच्या लोकल गाईडची ही आवडती जागा. पुढे पाण्यात जगता येत नाही हे त्या माशाला कळलंय, असं तो दरवेळी सांगतो. मी मराठीत सांगितलं तशी नातवंडं हसली. आप्पा वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मासा शहाणा हाय."

मादबाहून नेबो डोंगर आणि तिथून खाली उतार. नेबो समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच आणि मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्याही 430 मीटरहून जास्त खाली. म्हणजे तासाभराच्या आत अकराशे मीटरपेक्षा जास्त उतरायचं. कानांना दडे बसतात. नेबोवर मी मुलांना पाण्याची रिकामी बाटली बूच घट्ट लावून ठेवायला सांगते. खाली पोचेपर्यंत ती दाबून चेपल्यासारखी आत जाते. एवढ्या एका गोष्टीवर उतार निघून जातो, कुणी "अजून किती लांब" विचारत नाही.

त्याच उतारावर माझं ब्रीफिंग असतं. पाण्यात जायचं ते पाठमोरं, खाली बसल्यासारखं, पाय आपोआप वर येतात. पालथं व्हायचं नाही. सूर मारायचा नाही. दुसऱ्याच्या अंगावर पाणी उडवायचं नाही, डोळ्यांना हात लावायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. आणि ज्यांनी आज सकाळी दाढी केली असेल त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर. मी हे आदल्या रात्रीही सांगितलेलं असतं, तरी कुणीतरी फोटोसाठी गुळगुळीत होऊन येतोच. त्या दिवशी थोरले चिरंजीव होते.

या पाण्यात क्षार चौतीस टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहापट. पाणी इतकं जड की माणूस त्यात बुडतच नाही, आणि गंमत म्हणजे धोका त्यातच आहे. ज्याला पोहता येत नाही तो घाबरून उताणा पडून राहतो, त्याला काही होत नाही. मला काळजी असते पट्टीच्या पोहणाऱ्यांची. ते सवयीने पालथे होतात. मग पार्श्वभाग आणि पाय पाण्याच्या वर उचलले जातात, लाथ मारायला पाणीच लागत नाही, आणि तोल पुढे जाऊन तोंड खाली. सुलटं व्हायला पाय खाली घ्यावे लागतात, ते पाणी घेऊ देत नाही.

"आवो ताई," आप्पा मागून म्हणाले, "किष्णंच्या पुरात उड्या मारल्याली माणसं आमी. पाचचा पूर बघितला, एकोणीसचा बघितला. ह्ये तर तळं हाय."

बसमधून सगळ्यांनी एकदम "आप्पाऽ" केलं. माई खिडकीबाहेर बघत होत्या.

हॉटेलच्या किनाऱ्यावर जायला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, आणि खालच्या पायऱ्या वरच्यांपेक्षा नव्या दिसतात. पाणी दरवर्षी साधारण एक मीटरने खाली जातंय, तशी काठावरची बांधकामं उंच-उंच कोरडी राहत जातात. पलीकडच्या काठावर तर जमिनीत मोठमोठे खड्डे पडून अख्खे किनारे बंद करावे लागलेत. पाणी मागे हटलं की गोडं भूजल जमिनीखालच्या मिठाच्या थरात शिरतं, थर विरघळतो आणि वरची जमीन बसते. थोरल्या मुलाने विचारलं, हे का होतंय. मी सांगितलं की जॉर्डन नदीचं आणि तिच्या यर्मूक उपनदीचं पाणी इस्रायल, जॉर्डन आणि सीरिया तिघांनी वरच्या वर वळवलंय. शिवाय दक्षिणेला पोटॅशचे कारखाने समुद्राचं पाणी वाफ्यांत घेऊन आटवतात. ऊस पिकवणाऱ्या घराला हे दोन वाक्यांत कळलं. आप्पांनी लगेच निकाल दिला: "आमच्याकडं खालच्या धरणानं पूर, हितं वरच्या धरणानं दुष्काळ." कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा विषय निघाला की तो लवकर मिटत नाही. मी सगळ्यांना कपडे बदलायला पिटाळलं.

चिखल एका मोठ्या मातीच्या रांजणात भरून ठेवलेला असतो. हात घातला की वर उन्हाने कोमट आणि आत थंडगार लागतो. रंग डांबरासारखा काळा, पण बोटांत चोळला तर खडा-कण काही लागत नाही, लोण्यासारखा सरकतो. वास सडक्या अंड्याचा. काळा रंग येतो लोहाच्या सल्फाइडमुळे, म्हणून अंगावर थापल्यावर हवा लागली की पाच-सात मिनिटांत कडेकडेने करडा पडायला लागतो. आधी कोपर आणि मनगटं, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी पाठीची पन्हळ. वाळला की कातडी आवळून धरतो, हसलं की गालावर तडे जातात.

पहिली दहा मिनिटं या घरातही तेच झालं जे सगळीकडे होतं. सुना बोटाच्या टोकाने नाकावर ठिपका लावून बघत होत्या. जावईबापू शर्ट काढायचा की नाही या विचारात. मग एका नातवाने दोन्ही ओंजळी भरून थेट मामाच्या टकलावर थापल्या, आणि लाज संपली. नंतर कोण कुणाला माखतंय याला धरबंध उरला नाही. धाकट्या सुनेने सासऱ्यांच्या पाठीला चिखल लावला. ते एरवी तिच्याशी चार वाक्यं बोलत असतील तर शपथ, पण मुकाट उभे होते आणि "खांद्याला अजून" एवढंच म्हणाले.

माईंना खुर्चीत बसवलं. साडी गुडघ्यापर्यंत घेऊन लेकीने दोन्ही गुडघ्यांना जाड लेप दिला. माईंनी चिमूटभर चिखल बोटांत घेतला, हुंगला आणि विचारलं, "ह्ये इकत घेत्यात लोकं?" दुकानात पाकिटात मिळतो म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. "आमच्या मळीत पूर वसारला की ढीगभर."

चिखल वाळला की समुद्रातच जाऊन धुवायचा, अशी तिथली पद्धत. माई आणि त्यांच्यापाशी बसलेली लेक सोडून बाकीचे बारा पाण्यात शिरले. थोरले चिरंजीव गळ्यापर्यंत जाताच किंचाळून बाहेर आले आणि गोड्या पाण्याच्या शॉवरखाली जाऊन उभे राहिले. ते एक वजा, म्हणजे पाण्यात अकरा. मी काठावर उभी राहून डोकी मोजत होते. अकरा. परत अकरा. कोण कोणतं ते अजिबात कळत नव्हतं. काळी डोकी, काळे गुडघे, आणि सगळ्यांच्या भोवती पाण्यात तेलकट काळा ओघळ.

बुडणारा माणूस हात वर करतो, ओरडतो, हे सिनेमात. तिथे एका डोक्याच्या जागी मला दोन टाचा दिसल्या, एवढंच झालं. आवाज नाही, गडबड नाही. बाजूची दोघं हसत होती, त्यांना वाटलं कुणीतरी गंमत करतंय. मग पाण्याबाहेर दोन्ही हात आले आणि चापट मारल्यासारखे आडवे आपटले, डावा, उजवा, डावा. शहरातल्या तलावात क्लास लावून शिकलेला माणूस असा हात मारत नाही. ही नदीतली, वाहत्या पाण्यातली हातमारी. मी "आप्पा!" म्हणून ओरडले तेव्हा लाइफगार्ड आधीच पाण्यात होता.

त्याने ओढाओढ केली नाही. एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेला, आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसं त्यांना एका झटक्यात उताणं केलं. मग हनुवटी धरून काठाकडे. सगळं अर्ध्या मिनिटाचं काम असेल. आप्पा काठावर आले ते खोकत, डोळे गच्च मिटून, आणि मुठींनी डोळे चोळायच्या बेतात. गार्डने मनगटं धरून ठेवली आणि आधी हातावर, मग चेहऱ्यावर गोड्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या. डोळे उघडायला बराच वेळ गेला. उघडले तेव्हा इंगळासारखे लाल होते.

काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. कपाळावरचा चिखल ओघळून भुवईपर्यंत आला. नदीवर आंघोळ करणारा माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं, नाक धरून डुबकी मारायला गेले. डोकं खाली गेलं, अंग गेलं नाही. तोंडात पाणी गेल्यावर घशात आग झाली, डोळे मिटले, मग वर कुठे नि खाली कुठे याचा पत्ता लागेना.

किती पाणी गिळलं ते त्यांना सांगता येईना. दोन घोट, तीन घोट. मुलांचं म्हणणं पडलं की आता बरे आहेत, रूमवर झोपू द्या. तिथे मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. साध्या समुद्राचं पाणी पोटात गेलं तर मळमळतं, उलटी होते. त्यात बहुतेक आपलं खायचं मीठच असतं. इथल्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड सगळ्यात जास्त, आणि कॅल्शियमही भरपूर. ते रक्तात चढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. थोडंसं पाणी फुप्फुसात गेलं असलं तरी त्रास तासाभराने सुरू होऊ शकतो. हॉटेलच्या माणसाने गाडी काढली. मी, आप्पा आणि धाकटा मुलगा, असे तिघं निघालो.

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त घेतलं, सलाइन लावली. डॉक्टर शांत होते, त्यांना हे नवीन नव्हतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किंचित वाढलेलं निघालं. छाती साफ होती. चार तासांनी पुन्हा रक्त तपासू, तोवर इथेच, असं त्यांनी सांगितलं. धाकट्याला अंग धुवायला वेळच मिळाला नव्हता. तो शॉर्ट्सवर टॉवेल गुंडाळून बाकावर बसला होता, आणि जरा हलला की पाठीवरचा वाळलेला चिखल पापुद्र्यांनी स्वच्छ फरशीवर पडत होता. नर्स दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा तिने झाडू-सुपली आणून त्याच्या हातात दिली आणि तो मुकाट्याने झाडायला लागला. आप्पांना तेवढ्यावर पहिल्यांदा हसू आलं. म्हणाले, "घरी कधी झाडू हातात घेतलाय का ह्यानं?"

दुसऱ्या तपासणीत आकडे खाली आले होते. मी रिपोर्टवर शिक्का, बिलावर शिक्का, ईसीजीची प्रत, सगळं इन्शुरन्ससाठी गोळा केलं. हे कागद तिथल्या तिथे घेतले नाहीत तर मागाहून मिळता मिळत नाहीत. परत आलो तेव्हा अंधार पडला होता. सगळं घर लॉबीत बसून होतं, कुणी जेवलं नव्हतं. थोरले चिरंजीव लालभडक हनुवटी घेऊन पुढे आले आणि वडिलांना काही बोलणार, तेवढ्यात माई म्हणाल्या, "आधी जेवू द्या त्यास्नी."

जेवताना मी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम फिरवला. पेट्राला अरुंद घळीतून किलोमीटरभर चालावं लागतं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली. आप्पा-माईंसाठी आतून जाणारी विजेवरची गाडी ठरवली, बाकीचे चालतील. त्याच्या पुढच्या दिवशी वादी रम. आप्पा ताकाचा पेला संपवत ऐकत होते.

"तितं पाणी हाय का कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा. वाळवंट आहे."

"मग बरं," ते म्हणाले.

तरीही रूमवर गेल्यावर मी पेट्राच्या हॉटेलला फोन लावला आणि तिथला स्विमिंग पूल सकाळी किती वाजता उघडतो ते विचारून घेतलं.