आमची वाटचाल : शुद्धिपत्रापासून पुढे

आमच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अभिप्राय पोस्टकार्डावर आला. मायना नाही, कौतुक नाही. एकच ओळ : ‘शिवजन्म १६२९ मध्ये कधीपासून झाला?’

पुस्तक मुलांसाठीचं छोटं शिवचरित्र होतं. डेमी आकार, १६० पानं, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे (एका तावावर छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फर्मा). हजार प्रतींना वीस रीम कागद लागला, तोही उधारीवर. मी त्याआधी एका छापखान्यात प्रुफं तपासायचे आणि हे तिथेच बाइंडिंगला होते. दोघांनी मिळून प्रकाशन काढलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, निदान छपाईच्या चुका तरी आपल्या हातून व्हायच्या नाहीत. लेखकाने तिथी बरोबर दिली होती : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इसवी सन कंसात घालण्याचा आगाऊपणा माझा. शकात ७८ मिळवले की सन येतो, हे शाळेत पाठ केलेलं. पण शक बदलतो चैत्रात आणि सन बदलतो जानेवारीत. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवावे लागतात, हे मात्र डोक्यातून निसटलं. तारीख १९ फेब्रुवारी १६३०. विद्वान मंडळी १६२७ की १६३० यावर वर्षानुवर्षं भांडली. आम्ही तिसरंच साल शोधून काढलं होतं.

साठेक प्रती गेल्या होत्या. उरलेल्या सव्वानऊशेंवर ‘१६३०’ छापलेली नखाएवढी चिठ्ठी डकवत आम्ही दोन रात्री बसलो. डिंक लावायचं काम मुलांकडे दिलं, त्यामुळे बऱ्याच प्रतींची समोरासमोरची पानंही एकमेकांना चिकटली.

पोस्टकार्ड लिहिणारे निवृत्त इतिहासशिक्षक होते. माफीचं पत्र पाठवलं, तर आठवड्याने ते स्वतःच आले, चहा घेतला आणि पुढच्या पुस्तकाचं हस्तलिखित मागून घरी घेऊन गेले. पुढची सतरा वर्षं आमची इतिहासाची पुस्तकं गुरुजींच्या नजरेखालून गेली. त्यांची पद्धत साधी आणि फार त्रासाची होती. समासात पेन्सिलीने ‘ब’ किंवा ‘प’ लिहायचे. ‘ब’ म्हणजे माहिती बखरीतली, ‘प’ म्हणजे त्या काळच्या पत्रातली. काहीच लिहिलं नसेल तर लेखकाला विचारायचं, कशावरून? बखर टाकाऊ असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सभासदाची बखर जिंजीला लिहिली गेली, १६९७ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सतराएक वर्षांनी, आणि लिहिणारा दरबारातला माणूस. पण शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेली बखर तिच्या पंगतीला कशी बसवायची, असं ते विचारायचे. एकदा एका हस्तलिखिताच्या पहिल्या चाळीस पानांत त्यांना एकही ‘प’ सापडला नाही. पात्रांचे संवाद मात्र ठसकेबाज होते. आम्ही लेखकाला म्हटलं, कादंबरी म्हणून काढू. त्यांना ‘इतिहास’च हवा होता. ते पुस्तक दुसरीकडे निघालं, इतिहास म्हणूनच, आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. त्या वर्षी आमच्याकडे कागदवाल्याचे दोन हप्ते थकले होते.

भक्तिसाहित्याकडे आम्ही वळलो ते त्या थकलेल्या हप्त्यांमुळे. इतिहासाचं पुस्तक सावकाश खपतं. हरिपाठाचं तसं नाही, आषाढी जवळ आली की तो आपोआप विचारला जातो. खिशात मावेल असा हरिपाठ काढला, दोन पिना मारल्या आणि पालखीच्या वाटेवर एका ओळखीच्या दुकानात ठेवला. महिन्यात संपला. पुढच्या वर्षी त्याच दुकानात एका माळकरी आजोबांनी आपली प्रत माझ्यापुढे धरली. पिना गंजून मधली पानं तांबूस झाली होती, दोन सुटून हातात आली होती. वारी ज्येष्ठ-आषाढात चालते, पाऊस असतो, वारकरी पुस्तक बंडीच्या खिशात ठेवतो, हे आम्हाला न सुचणं म्हणजे कमाल होती. आजोबा रागावले नव्हते. ‘माउली, दोऱ्याने शिवा,’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून हरिपाठाला दोऱ्याची शिवण आणि वर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं. नफा कमी सुटतो.

ज्ञानेश्वरी काढायला मात्र आम्ही सात वर्षं घाबरलो. संहितेवर कुणाचा हक्क नाही, त्यामुळे कुणीही छापावी. अर्थ नवा असेल तर लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं वारसांची परवानगी लागते, तेवढं सांभाळलं की कायद्याचा प्रश्न सुटतो. खरी भीती अक्षराची होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण लोकांनी नकला करताना पाठ बिघडवले होते. (ते काम भाद्रपदातलं, त्यामुळे इथे ७८च मिळवायचे, १५८४. मी दोनदा बेरीज केली.) शेवटी त्यांनी बजावून ठेवलं आहे की यात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजावं. प्रुफं तपासणाऱ्या बाईने हे वाचल्यावर तिला झोप कशी लागावी? नऊ हजारांवर ओव्या. एकाने मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने जुनी प्रत धरायची, असं आम्ही अकरा महिने केलं. ‘तैसें’ आणि ‘तैसे’ यांतल्या एका टिंबासाठी पान पुन्हा लावलं आहे.

बांधणीवरून ह्यांचं आणि माझं वाजलं. मला डिंकाची स्वस्त बांधणी चालणार होती. हे म्हणाले, पारायणाला बसलेला माणूस ग्रंथ हातात धरत नाही, समोर ठेवतो. आपोआप मिटणारं पुस्तक त्याच्या काय कामाचं? ह्यांचंच खरं होतं. शिवलेली बांधणी सपाट उघडते. अक्षरही मोठं घेतलं आणि ग्रंथ पावणेदोन किलोंचा झाला. बाइंडिंगच्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली, ती कुठल्या छपाईच्या पुस्तकात नाही. फर्म्यांची पानं बरोबर लागलीत का ते बघताना बायका एरवी बोट जिभेला लावून पान उलटतात. ज्ञानेश्वरीचे फर्मे आले त्या दिवशी कुणीही न सांगता टेबलावर पाण्याच्या वाट्या आणि स्पंजचे तुकडे आले. उष्टा हात लागायला नको. खराब निघालेले ताव जमिनीवर पडू दिले नाहीत, पोत्यात भरले. ते रद्दीवाल्याला द्यायला कुणी तयार होईना. भेळेच्या पुड्या होतील म्हणून. शेवटी हे स्वतः ती पोती लगद्याच्या कारखान्यात नेऊन घालून आले.

व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं मुलाने सुरू केली. त्यावर माझं थोडक्यात मत असं की ती लवकर शिळी होतात. आमच्या मुलाखतीच्या पुस्तकात ‘अर्जाच्या पाकिटावर पुरेशी तिकिटं लावावीत’ हा सल्ला चौथ्या आवृत्तीपर्यंत होता, आणि तोवर अर्ज ऑनलाइन गेलेले. हस्तलिखितं ढिगाने येतात, बहुतेकांच्या नावात ‘मंत्र’ असतो. मुलगा लेखकाला पहिला प्रश्न विचारतो, यातलं तुम्हाला काय जमलं नाही? पुष्कळजण तिथेच उठतात. जे बसून सांगतात त्यांची पुस्तकं आम्ही काढतो. एका कर्जबाजारी झालेल्या दुकानदाराचं हिशेब ठेवण्यावरचं पुस्तक तसंच मिळालं आणि ते अजून चालतं. गंमत म्हणजे ही पुस्तकं घेणारा प्रत्येकजण ‘मुलासाठी हवंय’ म्हणतो आणि तिथेच उभ्या उभ्या पहिलं प्रकरण वाचून काढतो.

आज यादीत चौऱ्याऐंशी पुस्तकं आहेत. साहित्य संमेलनात गाळा घेतला की तीन विषयांची तीन टेबलं मांडतो, पण संध्याकाळपर्यंत सगळं एक होतं. दासबोध कुठे ठेवायचा यावर मुलाचा आणि माझा वाद ठरलेला. मी भक्तीच्या टेबलावर ठेवते, तो नजर चुकवून त्याच्या टेबलावर नेतो. त्याचं अगदीच चुकतं असं नाही. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, ग्रंथ संपेपर्यंत अक्षर कसं एकसारखं राहावं, हेच शिकवतो. आमच्याकडे नवीन टायपिंगला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तो वाचायला देते.

पुस्तक निघालं की कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. त्या आम्ही नेमाने पाठवतो. त्या पहिल्या पुस्तकाच्या प्रतीही गेल्या होत्या, चिठ्ठी डकवण्याच्या आधी. म्हणजे चार शहरांत आमचं १६२९ सरकारी कपाटात सुखरूप आहे.

गुरुजी गेले त्याला आता सहा वर्षं झाली. पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘चूक आढळल्यास कळवावे’ ही ओळ त्यांच्या आग्रहाने घातलेली, ती तशीच आहे. पत्रं येतात, हल्ली जास्त करून व्हॉट्सॅपवर. परवा एका वाचकाने ज्ञानेश्वरीतल्या बेचाळीस ‘शुद्धलेखनाच्या चुका’ लाल वर्तुळं करून पाठवल्या. एकेचाळीस ठिकाणी जुनी मराठी आहे, आजचे नियम तिला लागू नाहीत, ते त्यांना समजावून सांगायचं आहे. बेचाळीसावी मात्र खरंच आमची आहे. उत्तर अजून लिहून झालेलं नाही.