ब्लोअर फक्त चारवर चालतो: रेझिस्टर बदलण्याआधी आणि नंतर

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, चार टप्प्यांचा गोल नॉब, केबिन फिल्टर मुळातच नाही. नॉब १, २, ३ वर ठेवला तर ब्लोअर गप्प. ४ वर सुसाट, पण घरघर करत. हीटर आणि एसी दोन्हींना पंखा हाच, त्यामुळे पावसात काचेवरची वाफ घालवायची तर चारवरचा गोंगाट ऐकत बसायचं.

लक्षण ऐकून कोणीही ‘रेझिस्टर गेला’ म्हणेल (रेझिस्टर म्हणजे खालच्या टप्प्यांवर करंट अडवून पंखा हळू करणारा भाग), आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मात्र नुसता रेझिस्टर बदलून गाडी सोडली, तर त्याला जाळणारं कारण आतच राहतं आणि नवाही त्याच वाटेने जातो.

पहिला शनिवार: काही न उघडता

या गाडीत मोटरला प्लस थेट फ्यूज आणि रिलेमधून येतो. कमीजास्त करण्याचं काम अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसच्या, बाजूला होतं. मोटरची मायनस तार रेझिस्टरच्या कनेक्टरमध्ये येते. तिथून एक जाड फाटा थेट नॉबकडे जातो, तो चौथा टप्पा. उरलेले तीन टप्पे रेझिस्टरच्या कॉइलमधून नॉबकडे जातात आणि नॉब त्यातला एक अर्थला जोडतो. प्लसच्या बाजूने स्विच होणाऱ्या गाड्याही आहेत, म्हणून आधी वायरिंगचा नकाशा बघा आणि मगच मीटर लावा.

इग्निशन चालू, इंजिन बंद, बॅटरी १२.४ व्होल्ट. नॉब १ वर असताना मोटरच्या प्लसवर १२.३ आणि मायनसवरही १२.३. म्हणजे करंट वाहतच नाही. वाट मोटरच्या पुढे कुठेतरी तुटली आहे. फ्यूज, रिले आणि मोटरची वाइंडिंग एका मापात संशयातून सुटली.

पुढच्या मापात हमखास फसायला होतं. रेझिस्टरच्या एक नंबरच्या पिनवर मीटर ० व्होल्ट दाखवतो आणि आपण ‘स्विच ठीक, अर्थ मिळतोय’ म्हणून मोकळे होतो. पण कशालाच न जोडलेली, लोंबकळणारी तारही मीटरवर शून्यच दाखवते. इथे टेस्ट लॅम्प हवा: १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं रेझिस्टरपासून सोडवलेल्या कनेक्टरमधल्या त्या पिनला (कनेक्टर लावलेला असेल तर कॉइलमधून दुसऱ्या टप्प्यांवरही दिवा पेटतो). नॉब १ वर दिवा पेटला, २ वर केल्यावर विझला. दोन आणि तीनच्या पिनाही आपापल्या टप्प्यावर पेटल्या. आता स्विच खात्रीने निर्दोष.

दुरुस्ती होईपर्यंत १ ते ३ वर एसी लावू नका. कॉम्प्रेसरला बहुधा ब्लोअर स्विच चालू असल्याचा निरोप मिळतो, पंखा खरंच फिरतोय का हे त्याला कळत नाही. हवा नसली की कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो.

दुसरा शनिवार: ग्लोव्ह बॉक्स खाली

बॅटरीची मायनस काढली. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका.

रेझिस्टर दोन स्क्रूंवर, हवेच्या डक्टमध्ये. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्यावर ०.२ ओहम येत होते, ते वजा करून कॉइलची मापं: ०.५, ०.९ आणि १.४ ओहम. कॉइल तिन्ही शाबूत. मोटरच्या पिनपासून पुढे मात्र कुठेच वाट नाही, म्हणजे थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वाट तोडणारा) उडालेला. एखादी कॉइल तुटली तर तिच्यावर अवलंबून असलेलेच टप्पे जातात. तिन्ही एकदम गेले तर आधी थर्मल फ्यूजवर संशय घ्या.

हा फ्यूज तारेने शॉर्ट करून ‘चालतंय ना’ म्हणणारे भेटतात. प्लास्टिकच्या डक्टमध्ये, सुक्या पानांशेजारी तापणारी कॉइल आणि तिला थांबवणारं कोणी नाही, एवढंच चित्र डोळ्यांसमोर आणा. फक्त फ्यूजच बदलायचा असेल तर त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा घ्या, आणि जोड क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवा. सोल्डरच्या उष्णतेने नवा फ्यूज लावतानाच उडू शकतो. इथे अख्खा रेझिस्टर बदलला.

कनेक्टरमधली जाड तारेची पिन तपकिरी झालेली, प्लास्टिक वितळून आत बसलेलं. नवा रेझिस्टर लावून, इंजिन चालू करून, नॉब ४ वर मोटरच्या मायनसपासून अर्थपर्यंत मोजलं: ०.९ व्होल्ट. तिथे साधारण ०.२ व्होल्टच्या आत असायला हवं. तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर १७.५ अँपिअर दाखवत होता, म्हणजे त्या वाटेत सुमारे १६ वॉट उष्णता, आणि तिचा मोठा वाटा एका नखाएवढ्या पिनेवर. (क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा लागतो. साध्या मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून हे मोजायला गेलात तर मीटरचाच फ्यूज जाईल.)

कनेक्टर तारांसकट नवा लावला: जाड जागी २.५ चौरस मिमी तार, क्रिंप, वर हीट श्रिंक स्लीव्ह. सगळे जोड एकाच रेषेत घेतले नाहीत, नाहीतर गाठ डक्टमागे बसत नाही. आता तेच माप ०.१५ व्होल्ट.

तिसरा आणि चौथा शनिवार: मोटर

१७.५ अँपिअर जास्तच वाटत होते. तीन स्क्रू काढून मोटर खाली घेतली. पंख्याच्या पिंजऱ्यात गुलमोहराच्या बारीक पानांचा मूठभर भुगा, शाफ्टला आडवा खेळ, एका बाजूला पिंजरा घासल्याची चकाकी.

एक गैरसमज: हवा अडली की मोटरवर लोड येतो. अशा पिंजऱ्याच्या पंख्यात उलट होतं. हवा अडली की पंख्याला कमी हवा ढकलावी लागते, करंट उतरतो आणि आवाज चढतो. रेझिस्टर तरीही मरतो, कारण त्याला थंड करणारी हवाच कमी झालेली असते. करंट वाढवतो तो घासणारा पिंजरा आणि कोरडं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी).

पानं काढून बुशला टर्बाइन ऑइलचे दोन थेंब दिले: १५ अँपिअर, घरघर बंद. आठवड्यात घरघर परत आली. झिजलेल्या बुशला तेल म्हणजे वेळ काढणं. नवी मोटर लावली, पिंजरा हाताने फिरवून कुठे टेकत नाही ना ते पाहिलं: चारवर १३.२ अँपिअर. टप्पा १ वर अर्धा तास चालवून कनेक्टरला बोट लावलं, कोमट.

बाकी काम

वायपरखालच्या खोबणीत पानांचा थर आहे आणि पाणी जायचं भोक अर्धं बुजलंय. ते पूर्ण बुजलं तर पावसाचं पाणी थेट ब्लोअरवर येईल. भोक मोकळं करून वर २ ते ३ मिमीची जाळी बसवायची; त्याहून बारीक जाळी पानांबरोबर हवाही अडवते.