मटन स्ट्रीट ते कुलाबा, कानात अटॉमिक फॉरेस्ट

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून चोर बाजारातली मटन स्ट्रीट गाठली, तेव्हा शटरं नुकती वर चढत होती. शुक्रवार मुद्दाम टाळला होता. त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पहाटे जुम्मा बाजार भरतो. मला तबकड्यांच्या ढिगाऱ्यात निवांत बसायचं होतं.

"अटॉमिक फॉरेस्ट? असली वाली? वो नहीं मिलेगी." दुकानदार मानही वर न करता म्हणाला आणि रफीच्या एका एलपीवरची धूळ पुसत राहिला.

'ऑब्सेशन ७७' ही मुंबईच्याच या रॉक बँडची एलपी. ती बाजारात आली १९८१ साली, आणि तोवर बँड मोडलेला होता. गाणी ऐकवायला मंचावर कुणीच उरलं नाही, तर तबकडी मागायला कोण येणार? २०११ मध्ये नाऊ-अगेन या अमेरिकन कंपनीने ती पुन्हा काढली, म्हणून आज माझ्या फोनवर आहे. शीर्षकाची धून लावून त्या गल्लीतून चालत निघालो. नील चट्टोपाध्याय यांची गिटार इतकी खरखरीत, इतकी भरून येणारी, की हातगाड्यांचा, हॉर्नचा गलबलाही त्यातलाच वाटू लागला. हे संगीत परक्यांची नक्कल म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

आपल्या रंगभूमीचा धागाही इथे आहेच. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे या बँडबरोबर गायचा. अलेक पदमसींनी १९७४ मध्ये बसवलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक ऑपेरातला जुडास तोच. घरात मराठी नाटक आणि बाहेर रॉक, हे याच शहरात घडू शकत होतं. तरी मराठीत त्याच्याविषयी किती कमी लिहिलं गेलंय!

काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस हे तबकड्या-कॅसेटचं जुनं दुकान दिसलं. २०१६ मध्ये बंद झालं ते. तिथे फार थांबवलं नाही.

मग कुलाबा. इथल्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये १९७२ साली लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट वाजवून गेले. हा किस्सा रॉकवेड्या मुंबईकराला तोंडपाठ असतो. माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्यांची ती एक रात्र जितकी सांगितली जाते, तितकं 'ऑब्सेशन ७७'ही ऐकलं जावं. मी परतीच्या लोकलमध्ये पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि आवाज आणखी वाढवला.