२०३० आयसीचा अँप्लिफायर: किट जोडताना आणि न चालल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अँप्लिफायरचं किट मागितलं, की बहुतेकदा टीडीए २०३०ए हे पाच पायांचे दोन आयसी, प्रत्येक चॅनेलला एक, असलेलं किट हातात पडतं. शिकायला याच्यासारखं दुसरं किट नाही. पण ते वाजलं नाही की लोक आधी आयसी बदलतात, आणि मग दुसराही उडतो. दोष बहुधा आयसीत नसतोच. तो सप्लायमध्ये असतो नाहीतर ग्राउंडच्या वायरीत, म्हणून सुरुवात सप्लायपासूनच करायची.

ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा), ३ अँपियरचा घ्या. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ व्होल्टचं, त्यातून डायोडचे ०.७ गेले की प्रत्येक रेलला, म्हणजे अधिक आणि उणे सप्लायच्या लाइनला, साधारण १६.३ व्होल्ट मिळतात. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर जास्तच देतो, त्यामुळे मीटरवर १८ दिसले तरी घाबरू नका. मात्र साध्या २०३० ची मर्यादा अधिक-उणे १८ आणि 'ए' लावलेल्याची २२ आहे, म्हणून आयसीवरचं ते एक अक्षर तपासूनच घ्या. १५-०-१५ लावून जास्त आवाज काढायचा मोह टाळा. तिथे लोडशिवाय रेल २२ च्या पलीकडे जाते आणि आयसी गाणं सुरू होण्याआधीच संपतो.

बऱ्याच किटांत पुलासाठी (एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरसाठी) १एन४००७ डायोड येतात. ते १ अँपियरचे आहेत. चार १एन५४०२ वेगळे घ्या, ते ३ अँपियरचे. फिल्टर कपॅसिटर प्रत्येक रेलला ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर दोन्ही चॅनेल जोरात वाजले की प्रत्येक रेलमधून सरासरी १ अँपियरच्या आसपास जातो. हिशोबाने ४७०० वर २ व्होल्ट रिपल (डीसीमधला चढउतार) येतो, तर किटातल्या १००० वर तो १० व्होल्टपर्यंत चढतो. बास आला की आवाज फाटतो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

आता बोर्ड. पाय १ इनपुट, २ फीडबॅक, ३ उणे सप्लाय, ४ आउटपुट, ५ अधिक सप्लाय. पाय ४ वरून २२ किलोओहम पाय २ ला येतो, आणि पाय २ वरून ६८० ओहम व २२ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ ग्राउंडला जातात. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, झाला ३३ पट, म्हणजे ३०.५ डेसिबल. हा ६८० ओहम नीट मोजून लावा. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी आणि नारिंगी पट्टा पिवळ्या दिव्याखाली सारखाच दिसतो, आणि ६८० च्या जागी ६८ किलोओहम बसतो. मग गेन सव्वापटीच्या थोडा वर राहतो. २०३० ला किमान २४ डेसिबल गेन लागतो, त्याखाली तो स्वतःच दोलायला लागतो, म्हणजे सिग्नल नसतानाही आपोआप कंपनं काढतो. 'आवाज फार मोठा आहे' म्हणून ६८० काढून २.२ किलोओहम लावणाऱ्यांचीही हीच गत होते, कारण गेन २१ डेसिबलच्या खाली येतो. आवाज कमी करायचा असेल तर इनपुटला करा.

आउटपुटवरचे दोन संरक्षक डायोड उलटे लागले तर सरळ शॉर्ट. एकाचा पट्टा अधिक रेलकडे, दुसऱ्याचा पट्टा आउटपुटकडे. आयसी सगळ्यात शेवटी लावायचा. आधी तो हीटसिंकवर स्क्रूने घट्ट बसवा, मग पाय सोल्डर करा. उलट केलं तर स्क्रू आवळताना पाय ताणले जातात आणि महिन्याभराने सोल्डरला बारीक चीर पडते. आयसीची धातूची पाठ आतून पाय ३ ला, म्हणजे उणे सप्लायला जोडलेली आहे. हीटसिंक डब्याला टेकणार असेल तर मायका आणि प्लॅस्टिकचा बुश हवाच. स्क्रू आवळल्यावर आयसीची पाठ आणि डबा यांच्यात मीटरची बीप वाजता कामा नये.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा: ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब मेन्सच्या फेजमध्ये एकसरीत. एलईडी बल्ब चालत नाही. स्पीकर आणि इनपुट अजून जोडू नका. स्विच दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंदावला पाहिजे, तो कपॅसिटर भरल्याचा उजेड. तसाच लख्ख राहिला तर बंद करा आणि उलटा डायोड, उलटा कपॅसिटर किंवा टेकलेली पाठ शोधा.

बल्ब मंद असतानाच पाय ४ आणि ग्राउंडमधला डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळतोय. तो डीसी अडवत नसल्याने आयसीचा स्वतःचा ऑफसेट (आतला थोडासा डीसी फरक) ३३ पट होऊन बाहेर येतो. पूर्ण १५ व्होल्ट दिसले तर क्रमाने बघा: दोन्ही रेल आहेत का, ट्रान्सफॉर्मरची मधली वायर सुटली आहे का, पाय १ वरून ग्राउंडला जाणारा २२ किलोओहम ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) आहे का. आयसीचा नंबर त्यानंतर. या अवस्थेत स्पीकर जोडला तर कॉइल काही सेकंदांत जळते.

त्यानंतर सप्लाय बंद करा, कपॅसिटर १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा आणि एका रेलचा फ्यूज काढून त्याजागी १० ओहमचा रेझिस्टर लावा. सिग्नल नसताना एक आयसी साधारण ५० मिलिअँपियर घेतो, फार तर ८०. दोन आयसी मिळून त्या रेझिस्टरवर १ व्होल्टच्या आसपास दिसायला हवा. ३ व्होल्ट दिसले तर आयसी दोलतोय. कानाला काही ऐकू येत नाही, पण हीटसिंक तापतो आणि आउटपुटवरचा १ ओहमचा रेझिस्टर करपल्याचा वास सुटतो. अशा वेळी ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आयसीच्या पाय ३ आणि ५ ला अगदी चिकटून आहेत का ते पाहा. सप्लायच्या लांब वायरी आणि इनपुटच्या शेजारून गेलेली स्पीकरची वायर हीही नेहमीची कारणं.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते हमिंग, म्हणजे स्पीकरमधली सततची घूं. आधी इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. हम गेला तर दोष इनपुटच्या वायरीत आहे: शिल्ड सुटलेली असते, नाहीतर व्हॉल्यूमच्या पॉटचं धातूचं अंग ग्राउंडला जोडलेलं नसतं. हम राहिला तर ग्राउंडची मांडणी चुकली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरीतून फिल्टर कपॅसिटरकडे सेकंदाला १०० वेळा कित्येक अँपियरचे झटके जातात. १० सेंटिमीटर बारीक वायरीचा रोध ९ मिलिओहम धरला, तर ५ अँपियरच्या झटक्याला तिच्यावर ४५ मिलिव्होल्ट पडतात. इनपुटचा ग्राउंड त्या वायरीच्या एका टोकाला आणि फीडबॅकचा दुसऱ्या टोकाला असेल, तर तेच ३३ पट होऊन स्पीकरवर दीड व्होल्ट हम येतो. कपॅसिटर बदलून हा जात नाही. दोन्ही फिल्टर कपॅसिटर जिथे मिळतात, तिथून पुढे एक बिंदू ठरवा. बोर्डाचा ग्राउंड आणि स्पीकरच्या परतीच्या वायरी स्वतंत्रपणे तिथे आणा. इनपुटचा ग्राउंड बोर्डावर, फीडबॅकच्या ग्राउंडजवळच जोडा.

बॅटरीवरच्या मोबाइलला हम नाही, पण कॉम्प्युटर जोडला की येतो, तर तो अर्थिंगचा लूप. त्यासाठी थ्री-पिनची अर्थ काढणं हा उपाय नाही, ते जिवावर बेतू शकतं. इनपुटला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

स्पीकर ८ ओहमचेच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. ४ ओहमवर शिखराचा करंट साडेतीन अँपियरजवळ जातो, आयसीची आतली मर्यादाही तेवढीच, आणि उष्णता एका आयसीमागे साडेसहाऐवजी १३ वॅटपर्यंत जाते. किटाबरोबर येणाऱ्या हीटसिंकला ती झेपत नाही.

एकच बाजू बिघडली असेल तर दुसरी बाजू तुमचा नकाशा आहे. दोन्ही आयसींचे तेच पाय, १ ते ५, ग्राउंडशी एकेक करून मोजत जा आणि आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. जिथे ते पहिल्यांदा जुळत नाहीत, त्या पायाला जोडलेले भाग आधी तपासा.