घेवडा, डांगी आणि जांभूळ: अकोले तालुक्यातले दोन दिवस

आजी गेल्यानंतर चौथ्या वर्षी माळ्यावर तिचा पत्र्याचा डबा सापडला. आत राखेत घोळलेला घेवडा होता, तांबूस रंगाचा. जुन्नरजवळच्या आमच्या शेतात आईने आणि मी बांधालगत चाळीस बिया टोकल्या. एकही उगवली नाही. तो घेवडा आता आमच्या गावात कुणाकडेच नाही. आजीने डबा नीट झाकून ठेवला होता, पण तीन पावसाळे त्यातलं बी कुणी जमिनीत घातलं नाही, आणि ती चूक आमची होती.

म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी कोंभाळण्याला निघालो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं हे गाव राहीबाई पोपेरे यांचं. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. घरच्या परसात त्यांनी गावठी बियाणं जपायला सुरुवात केली, पुढे ‘बायफ’ या ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने बियाण्यांची बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पुण्या-जुन्नरकडून येणाऱ्यांनी आळेफाट्यावरून संगमनेर गाठावं, तिथून अकोले जवळ आहे. मुंबईकरांना कसारा घाट चढून घोटीवरून बारी, राजूर हा रस्ता सोयीचा. गाडी नसेल तर अकोले स्थानकातून एसटी मिळते, पण गावांकडच्या फेऱ्या मोजक्याच असतात. परतीची गाडी किती वाजता आहे हे उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. आम्ही आधी फोन न करता गेलो आणि दोन तास ओट्यावर बसून राहिलो. सगळं गाव भातकापणीला शेतावर होतं, राहीबाईही परगावी होत्या. तुम्ही आधी कळवून, वेळ ठरवूनच जा. कापणी आणि लावणीच्या दिवसांत पाहुण्यांसाठी थांबायला सांगणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं आहे.

दुपारी शेजारच्या एक मावशी शेतावरून आल्या आणि त्यांनी आम्हाला बियाणं दाखवलं. मडकी, बरण्या, पिशव्या, प्रत्येकीवर नाव. काळभात, रायभोग ही भातं, नागली म्हणजे नाचणी, वरई आणि वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार: पांढरे, काळे, तांबडे, ठिपक्यांचे. आई एकेक बी तळहातावर घेऊन पाहत होती. आजीच्या घेवड्यासारखा एक दिसला, तोच नव्हता. तरी ती बराच वेळ तो हातात धरून उभी राहिली.

मावशींकडून जे शिकलो ते सविस्तर लिहिते. बी धरायचं ते शेताच्या मधल्या रोपांचं. कडेच्या रोपांना ऊन आणि जागा जास्त मिळते, ती तरारलेली दिसतात, पण तो गुण जागेचा असतो, बियाण्याचा नव्हे. वेलीवरच्या पहिल्या बहरातल्या चांगल्या भरलेल्या शेंगा बियाण्याला राखायच्या, भाजी पुढच्या बहराची करायची. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. शेंगा वेलीवरच वाळू द्यायच्या, सोलल्यावर बियांना पुन्हा ऊन दाखवायचं आणि त्या राखेत घोळून मडक्यात भरायच्या. राखेने ओल शोषली जाते आणि भुंगा लागत नाही.

“पण ठेवून ठेवून किती ठेवशील पोरी?” मावशी म्हणाल्या. “दर साली पेराय लागतंय. पेरलं नाय तर ते मरतंय.”

मला आजीचा डबा आठवला.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत उणे १८ अंश सेल्सिअसला बियाण्यांचे साडेचार लाखांहून जास्त नमुने जपलेले आहेत. तेही हवंच. १९७०च्या सुमारास आशियातल्या भातावर विषाणूचा रोग पसरत होता, तेव्हा फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका जंगली भातात. उत्पन्नाच्या हिशेबात त्या भाताची किंमत शून्य होती. तो कुणी गोळाच केला नसता तर? पण थंडगार खोलीतलं बी आहे तिथेच थांबतं. शेतातलं बी दरवर्षी नवा पाऊस, नवी कीड पाहतं, त्यातून जे तगतं तेच पुढे जातं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसात आडवं न होणारं भात असंच तयार झालं आहे.

बियाणं न्यायचं असेल तर तिथली रीत आधी समजून घ्या: जेवढं न्याल त्याच्या दुप्पट परत करायचं. म्हणून आठवण म्हणून बी मागू नका. जमीन नसेल, निदान मोठी कुंडीसुद्धा नसेल, तर पाहून या, ते पुरे. नेताना कापडी किंवा कागदी पिशवी न्या, प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बी कुजतं. पिशवीवर नाव, गाव, तारीख लगेच लिहा. घरी आल्यावर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून कितींना मोड येतात ते बघा. नवख्यांनी घेवडा, नागली किंवा भातापासून सुरुवात करावी. ही पिकं बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे वाण टिकवणं सोपं जातं. मक्याचा पराग वाऱ्यावर येतो, शेजारी संकरित मका असेल तर गावठी मका बघता बघता बिघडतो.

रात्री राजूरजवळ एका घरी उतरलो. नागलीची भाकरी, ठेचा, नव्या तांदळाचा भात. अशा घरांमध्ये रोख पैसे लागतात, रेंज नसते.

सकाळी डांगी या इथल्या जातीची गुरं पाहायला वाड्यावर गेलो. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर. या जातीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून चार महिने पावसात भिजत राहूनही ती तगतात. संकरित गाय इथल्या आषाढात उभी राहू शकत नाही. पण डांगी गाय दूध कमी देते, आणि बैलाची ताकद होती ती चिखलणीत, म्हणजे भातलावणीआधी शेतात चिखल करण्यात. चिखलणी आता पॉवर टिलर करतो. वाड्यावरच्या काकांकडे पूर्वी मोठा कळप होता, आता सहा जनावरं उरली आहेत. वळूच्या वीर्याच्या मात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये कितीही वर्षं ठेवता येतील, पण पावसात गुरं राखणारा माणूस कुठे ठेवणार? राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, त्या तारखा गाठता आल्या तर जरूर जा. नोंदी करा, फोटो काढण्याआधी मालकाला विचारा, आणि जनावराच्या मागून जाऊ नका.

दुपारी भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. हा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. प्रवेश नाक्यावर पावती घ्यावी लागते. अमृतेश्वराचं मंदिर सगळेच पाहतात. मी सांगेन, मंदिरामागच्या झाडीतही थोडं थांबा. या डोंगरांतल्या हिरड्यावर कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च चालतो. कोवळी फळं गोळा करून वाळवतात, तो बाळहिरडा. घाईत फांद्याच तोडल्या तर पुढच्या वर्षीचं फळही जातं, आणि पिकून खाली पडणारं बी राहतच नाही.

जांभळाखाली उभी असताना मला या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट उमगली. जांभूळ, आंबा, फणस यांचं बी वाळवलं की मरतं. ते राखेत टिकत नाही, दिल्लीच्या शीतगृहातही टिकत नाही. पावसाच्या तोंडावर फळ पडायचं, थोड्याच दिवसांत रुजायचं, एवढीच त्याची मुदत. म्हणजे या झाडांची बँक म्हणजे हे उभं जंगल. एक जांभूळ गोड, शेजारचं तुरट, तिसरं मोठ्या बियांचं. बियांपासून वाढलेलं प्रत्येक झाड वेगळं. त्यातलं कुठलं उद्याच्या उन्हाळ्यात तगेल हे आज कुणाला ठाऊक आहे? रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडाच्या बदली रोपवाटिकेतली एकसारखी शंभर रोपं लावली, म्हणजे भरपाई झाली असं मला मुळीच वाटत नाही.

जायचं तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. भात उभं किंवा खळ्यावर असतं, वालाला फुलोरा येऊ लागतो. जून-जुलैत धुकं आणि पावसामुळे काही दिसत नाही आणि शेतकऱ्यांना बोलायला उसंत नसते. शनिवार-रविवार टाळा. घाटातला प्रवास उजेडीच आटपा.

आम्ही कोंभाळण्याहून पाव किलो घेवडा आणला, वहीत नाव लिहून. फडक्यातल्या दहापैकी नऊ बियांना मोड आले. आता जानेवारीत वेल बांधावर चढले आहेत. पहिल्या बहरातल्या शेंगांना आईने लाल दोरे बांधले आहेत, कुणी भाजीला तोडू नयेत म्हणून. त्या वाळल्या की अर्धा किलो मोजून परत द्यायला जायचं आहे. या वेळी फोन करून.